पार्ल्याला पार्लेपण दिलं कुणी?

श्रावणसर

मंडळी, परवा भाचीचा पुण्याहून फोन आला. कॉलेजात तिला एखाद्या उपनगराच्या इतिहासावर लिहून द्यायचंय. तिने विले पार्ले निवडलं, कारण मामा फुकटात माहिती देणार. "मामा, तुमचं पार्लं एवढं मराठी, एवढं सांस्कृतिक वगैरे कसं झालं?" मी रुबाबात सुरू केलं. टिळक मंदिर, पुलं, दीनानाथ नाट्यगृह, मॅजेस्टिक गप्पा. पाचेक मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे सगळं झाल्यानंतरचं झालं. पण झालं कसं?" माझी बोलती बंद.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. आपण पार्लेकर असं बोलतो की जणू इथल्या मातीतच नाट्यसंगीत होतं. जरा जुळवाजुळव केली, ती मांडतो. चुकलो तर कान धरा, इथे ती सोय उत्तम आहे.

शंभर वर्षांपूर्वी पार्लं मुंबईत नव्हतंच. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला, त्याआधी आपण ठाणे जिल्ह्यात. महापालिकेच्या हद्दीत आलो ते थेट १९५० साली. १८९६ च्या प्लेगनंतर शहरातली माणसं मोकळ्या हवेसाठी साष्टीकडे, म्हणजे इकडच्या उपनगरांकडे, सरकायला लागली. गाडी होतीच, १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्ग विजेवर आला आणि फोर्टातल्या कचेरीत दिवसभर खर्डेघाशी करून संध्याकाळी स्वतःच्या अंगणात प्राजक्ताखाली बसणं कारकुनालाही जमायला लागलं. जमिनींचे तुकडे पाडून विकले गेले. 'परांजपे स्कीम', 'तेजपाल स्कीम' अजून पत्त्यात लिहितो आपण. ही स्कीम म्हणजे काय, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कळलं नव्हतं! मला वाटायचं भिशीसारखं काहीतरी असेल.

आता मुख्य मुद्दा. टिळक गेले ऑगस्ट १९२० मध्ये. जून १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय निघालं आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ, म्हणजे आपलं टिळक मंदिर. वस्ती अजून बसतेय, रस्ते धड नाहीत, आणि लोकांनी आधी शाळा काढली, मग सभागृह आणि ग्रंथालय. माझं म्हणणं एवढंच की संस्कृती होती म्हणून शाळा आली असं नाही. शाळा होती म्हणून एका विशिष्ट प्रकारची माणसं बिऱ्हाड करायला इथे आली, आणि पुढचं सगळं त्यांनी केलं.

नाना_नऊसतरा

सर, पटलं. आमचंच उदाहरण घ्या. वडील गिरगावात दोन खोल्यांत. मुलांना टिळक शाळेत घालायचं म्हणून इथे दीडच खोली घेतली, म्हणजे जागा कमी आणि भाडं जास्त. आई शेवटपर्यंत त्या अर्ध्या खोलीबद्दल ऐकवायची. पुलंच्या घरचेही जोगेश्वरीहूनच आले ना पार्ल्याला, आणि ते टिळक विद्यालयातच शिकले. शाळेपायी गाव बदलणारी जात आहे आपली.

गाडीचा मुद्दा मात्र तुम्ही भर्रकन उरकलात. पार्लेकराचा स्वभाव घडला तो फलाटावर. अंधेरी लोकल अंधेरीहून सुटते आणि पुढचं स्टेशन आपलं. म्हणजे एकाच स्टेशनाच्या अंतरात सगळ्या जागा भरलेल्या. मग पार्लेकर काय करतो? आधी उलट्या दिशेने अंधेरीला जातो, तिथे खिडकी पकडतो आणि तीच गाडी पार्ल्यात आली की फलाटावर उभ्या असलेल्या शेजाऱ्याला आतून हात करतो. मी हे एकतीस वर्षं केलं. हात करताना चेहऱ्यावर किंचित दिलगिरी ठेवायची, हे महत्त्वाचं.

अंधेरीची_सून

माहेर पार्ले, सासर अंधेरी. अंतर एक स्टेशन. सासूबाई अजून म्हणतात, "तुमच्या पार्ल्यात काय बाई, सगळेच शहाणे."

पार्लेकर ओळखायची खूण सांगते. तो वीस वर्षं बोरिवलीत राहत असला तरी पार्लेकरच असतो.

पाडळेकरीण

सर, भाचीने "झालं कसं" विचारलं आणि तुम्ही सुरुवात केलीत १८९६ पासून? म्हणजे त्याआधी इथे नुसते पतंग उडत होते का?

मी गावठाणातली. ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती. आमचे पूर्वज इथे भात लावत होते. तुमच्या स्कीमा पडल्या त्या जमिनी कुणाच्या वहिवाटीच्या होत्या, ते कुणीच विचारत नाही. नावाचंच घ्या. आमच्याकडे जुनी माणसं इडलई-पाडलई म्हणायची. इर्ले आणि पाडळे अशी दोन गावं, त्यातलं इर्ले पश्चिमेला इर्ला म्हणून अजून जिवंत आहे. दुसरा पक्ष सांगतो की विर्लेश्वर आणि पार्लेश्वर या दोन देवळांवरून नाव आलं. पण देवाला तरी 'पार्लेश्वर' नाव कशावरून पडलं असेल, याचा विचार करा. गाव आधी.

आणि ते 'मराठी पार्लं'. माझी आजी आयुष्यभर मराठीच बोलली. प्रार्थनासुद्धा मराठीत. घरात लुगडं, कपाळ तेवढं मोकळं. १८८७ साली आमच्या लोकांनी ईस्ट इंडियन हे नाव अधिकृतपणे घेतलं आणि त्या इंग्रजी नावाने आम्ही तुमच्या हिशेबातून बाहेर गेलो. दर उन्हाळ्यात आमच्या गल्लीत मसाला कुटायला बायका यायच्या. मिरच्या, धणे, तीळ, खसखस आणि आणखी पंधरा-वीस जिन्नस अंगणात चटईवर वाळत पडलेले असायचे. कुटून झाला की तो बिअरच्या तपकिरी बाटल्यांत लाकडी काठीने दाबदाबून भरायचा, म्हणजे उजेड लागत नाही आणि वर्षभर रंग टिकतो. म्हणून बॉटल मसाला. दोन गल्ल्या पलीकडच्या मैत्रिणीच्या घरी त्याच दिवसांत कैरीचं पन्हं आणि वाटली डाळ. मी दोन्हीकडे जेवायचे. ती आमच्याकडे फक्त पाणी प्यायची. हेही लिहून द्या भाचीला.

गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे. प्लेगच्या वर्षांत मुंबईतल्या गावठाणांत असे कितीतरी क्रूस उभे राहिले, साथ दूर राहावी म्हणून. म्हणजे ज्या प्लेगने तुमची माणसं इकडे आली, त्याच प्लेगमध्ये आमची माणसं मेणबत्त्या लावत उभी होती.

श्रावणसर

ताई, कान धरला. खरंच धरला. या क्रूसावरून मी रोज भाजी आणायला जातो आणि तिथे फुलं कोण ठेवतं, हे कधी विचारलं नाही.

"पाणी प्यायची" हे वाक्य भाचीला जसंच्या तसं पाठवलंय.

फाटकापलीकडचा

धागा वाचून करमणूक होतेय. चार प्रतिसाद झाले आणि पार्ल्याला पश्चिम बाजू आहे याचा कुणाला पत्ताच नाही! अहो, रुळांच्या या बाजूलाही माणसं राहतात. मीही मराठीच, पण चाळीत चार घरं गुजराती, त्यामुळे ढोकळा आणि शिव्या दोन्ही अस्खलित.

सरांनी १९२१ चं कौतुक केलं, रास्तच. पण त्याच १९२१ मध्ये पश्चिमेलाही एक शाळा निघाली होती, राष्ट्रीय शाळा. असहकाराचे दिवस होते, सरकारी शिक्षण नको म्हणून देशभर अशा शाळा निघत होत्या. १९३४ मध्ये श्री विलेपार्ले केळवणी मंडळ स्थापन झालं आणि ती शाळा त्यांच्याकडे आली. पुढे मिठीबाई, नरसी मोनजी वगैरे कॉलेजांचा सगळा पसारा तिथून वाढला. तुमच्याकडे त्याच सुमाराला पार्ले कॉलेज, म्हणजे आजचं साठ्ये, आणि डहाणूकर. एकाच गावात रुळांच्या दोन बाजूंना, एकाच साली, एकाच चळवळीच्या हवेत दोन शाळा निघतात, एक मराठी आणि एक गुजराती. आणि शंभर वर्षं दोघींना वाटत राहतं की खरं पार्लं आपल्याच बाजूला.

आणि १९३० विसरलात? मिठाच्या सत्याग्रहात विले पार्ल्याची छावणी प्रसिद्ध होती. जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला ही गांधीजींची माणसं इथे होती. एप्रिलमध्ये मीठ उचलल्याबद्दल बजाजांना पकडलं. जुहूचा समुद्र पायी जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे मिठाचा कायदा मोडायला लांब जायला नको. पूर्वेच्या शहाण्यांनीही त्यात भाग घेतला होता, तेव्हा मध्ये फक्त फाटक होतं, मनात नव्हतं.

फाटकाचं आता कुणाला सांगून पटत नाही. कॅप्टन गोरे पूल व्हायच्या आधी रेल्वेचं फाटक हेच आमचं घड्याळ. लागोपाठ तीन गाड्या गेल्या की फाटकापाशी सायकली, हातगाड्या, लग्नाची वरात, सगळं एकत्र उभं. माझ्या काकांचं लग्न त्या फाटकामुळे मुहूर्ताला बारा मिनिटं चुकलं. संसार नंतर व्यवस्थित झाला, पण काकूला भांडणात तो मुद्दा कायमचा मिळाला.

नाना_नऊसतरा

फाटकापलीकडचे, आमच्या लेखी पश्चिमेला तीनच गोष्टी होत्या. कूपर हॉस्पिटल, आनंदचा डोसा आणि सूर्यास्त.

ग्लुकोज

बराच वेळ नुसता वाचत होतो. शाळा झाली, क्रूस झाला, फाटक झालं. पण जगात 'पार्ले' हा शब्द ज्याच्यामुळे पोचला, त्याचं नाव कुणी काढेना, म्हणून लॉगिन केलं.

कारखाना. १९२९. मोहनलाल चौहान नावाच्या गुजराती गृहस्थाने सुरू केला. सुरुवातीला गोळ्या-चॉकलेटं, बिस्किटं आली १९३९ मध्ये. तोवर बिस्किट ही साहेबाने खायची गोष्ट होती. 'पार्ले ग्लुको' चं 'पार्ले-जी' झालं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. गावाचं नाव कंपनीला लागलं आणि नंतर कंपनीच गावाची ओळख झाली. मी आसामात नोकरीला होतो तेव्हा कुठून आलास विचारलं की पार्ले म्हणायचो आणि समोरचा हसायचा, त्याला वाटायचं मी बिस्किटाची थट्टा करतोय.

माझ्या बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान कारखान्याच्या जवळ. पाळी सुटली की दुकानात गर्दी. पंक्चर, चेन, ब्रेक. बाबा पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत असायचे आणि हवेत तो वास. तो वास नुसता गोड नाही, त्यात भाजल्याचा एक कडा असतो. पावसाळ्यात हवा जड झाली की तो खाली उतरायचा आणि रस्त्यावर बसून राहायचा. शाळेत मधल्या सुट्टीआधीच्या तासाला खिडकीतून आला की गणित संपलंच. आंधळी माणसं गाडीत त्या वासावरून स्टेशन ओळखायची असं लोक सांगतात. मी एका अंध गृहस्थांना स्वतः पाहिलंय, सांताक्रूझ गेलं की ते काठी उघडून हातात घ्यायचे आणि नाक किंचित वर करून बसायचे.

२०१६ च्या जुलैमध्ये कारखाना बंद झाला. ८७ वर्षांनी. गंमत सांगू? मला बातमी वाचून काही वाटलं नाही. चार दिवसांनी गाडीत बसलो होतो, पार्लं आलं, मी उतरलोच नाही. थेट अंधेरी. नाकाला कळलंच नाही की उतरायचंय.

अंधेरीची_सून

ग्लुकोज, वाचून एकदम गप्प झाले. उतरलोच नाही... आमच्याकडे माझा मुलगा विचारतो, आई, पार्ल्याला पार्ले का म्हणतात, बिस्किटावरून का?

तिसरामजला

सगळ्यांचं वाचलं. आता एका कोरड्या गोष्टीचं बोलतो. पार्ल्याला पार्लेपण कुणी दिलं ते राहू दे, ते टिकवलं कुणी? संस्कृतीने? मुळीच नाही. विमानाने.

आपल्या पूर्वेला टर्मिनल वन आहे. (नाव सांताक्रूझ विमानतळ, जागा आपली. यावर वेगळा धागा निघू शकतो.) धावपट्टीवर चढण्या-उतरण्याच्या वाटेखालचा जो पट्टा, तो फनेल झोन. त्यात इमारतीच्या उंचीवर मर्यादा. आता मुंबईत पुनर्विकासाचं गणित कसं चालतं? बिल्डर जुन्या लोकांना फुकट नवी घरं देतो आणि वर चढवलेले जास्तीचे मजले विकून पैसे काढतो. वर चढायलाच बंदी असेल तर विकणार काय? म्हणून फनेलमध्ये बिल्डर येतच नाही. आमच्याकडे एक आला होता. गच्चीवर गेला, वर बघितलं. तेवढ्यात एक विमान गेलं. त्याने चहा घेतला, चिवडा चांगला झालाय म्हणाला आणि गेला.

माझी इमारत साठीच्या दशकातली. तीन मजले, लिफ्ट नाही, जिन्याचे टप्पे रुंद. पाहुणे म्हणतात, "किती छान, झाडं आहेत, मोकळं आकाश आहे, अजून जुनं पार्लं जपलंय तुम्ही." आम्ही काही जपलेलं नाही हो. आम्ही अडकलोय. गेल्या पावसात स्वयंपाकघरात छताचा पोपडा वरणाच्या पातेल्यात पडला. सळ्या दिसतात. आईचे गुडघे गेलेत, ती आठ महिने खाली उतरलेली नाही. पलीकडचा रस्ता फनेलच्या बाहेर आहे, तिथे बारा-पंधरा मजले झालेत, प्राजक्त गेले, पण त्यांच्या आया लिफ्टने रोज बागेत जातात.

तेव्हा कौलारू बंगल्यांचे फोटो टाकून हळहळणाऱ्यांनी एकदा माझ्याकडे वर यावं. चालत.

श्रावणसर

तिसरामजला, दोनदा वाचलं. मी हळहळणाऱ्यांतलाच. आमचा बंगला बाबांनी विकला, आता तिथे नऊ मजली इमारत आहे आणि मी तिच्या सहाव्या मजल्यावर बसून जुन्या पार्ल्याच्या आठवणी लिहितो. लिफ्टने जातो-येतो. तुमच्या पोस्टीनंतर जरा चोरट्यासारखं झालं.

फाटकापलीकडचा

विमानाचंच निघालं म्हणून. मूळ विमानतळ आमच्या बाजूचा, जुहूचा, १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले ते जुहूलाच. तेव्हा जुहूला पावसात चिखल व्हायचा. सांताक्रूझची धावपट्टी महायुद्धाच्या काळातली, लष्करी. युद्ध संपल्यावर मुलकी विमानं तिकडे गेली. ती तिकडे गेली नसती तर फनेल झोन आमच्या डोक्यावर असता. तिसरामजला, तुमचं दुःख समजतो, पण सुटलो बुवा आम्ही.

रोखठोक_राव

पार्ल्याचा इतिहास आणि १९८७ ची पोटनिवडणूक नाही? हिंदुत्वाच्या मुद्द्यावर लढवलेली ती निवडणूक डॉ. रमेश प्रभू जिंकले, पुढे उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि १९९५ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. देशाच्या राजकारणाचा एक धडा आपल्या गल्लीत लिहिला गेला आणि तुम्ही मसाला आणि बिस्किटं घेऊन बसलात. खरं तर त्या निकालाचा

संचालक

रोखठोक_राव, माहितीपुरता भाग ठेवला आहे, पुढचे तीन परिच्छेद राजकारणाच्या विभागात हलवले आहेत. तिथे जरूर भांडा.

नाना_नऊसतरा

राव, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण सगळं वाचायला त्या विभागात जावं लागेल आणि डॉक्टरांनी मला रक्तदाब सांगितलाय.

विमानाबद्दल एक राहिलं. पार्लेकराच्या बोलण्यात एक खाच असते. बाहेरगावच्या माणसाला ती खटकते. आपण बोलता बोलता मध्येच थांबतो, चेहरा तसाच ठेवतो आणि सहा-सात सेकंदांनी त्याच शब्दापासून पुढे जातो. विमान गेलेलं असतं. शाळेत आमच्या संस्कृतच्या बाई खडू हवेत धरून उभ्या राहायच्या. "रामेण" म्हणून थांबायच्या, घरघर दूर जाईपर्यंत वर्गही थांबायचा, मग "बाणेन". निवृत्तीनंतर त्या नाशिकला गेल्या. भेटायला गेलो होतो, तिथे विमान नाही, काही नाही, तरी बाई मध्येच थांबत होत्या.

पाडळेकरीण

नाना, ही खाच आमच्या चर्चमध्येही आहे. प्रवचनाच्या ऐन रंगात फादर थांबतात. नवीन फादर आले की त्यांना पहिले दोन-तीन रविवार कळत नाही, ते ओरडून बोलत राहतात. मग शिकतात.

म्हणजे सर, भाचीला सांगायला एक तरी गोष्ट सापडली जी टिळक मंदिरात, गावठाणात आणि तिसऱ्या मजल्यावर सारखीच आहे.

तिसरामजला

आणि फाटकापलीकडे नाही.

फाटकापलीकडचा

आम्हाला हेलिकॉप्टर आहे. जुहूहून. जळू नका.

ग्लुकोज

सर, भाचीला घेऊन या एकदा. गावठाण ताई दाखवतील, मी कारखान्याच्या भिंतीपासून स्टेशनपर्यंत चालत नेतो. वास नाही, पण वारा कुठून यायचा ते दाखवता येईल.

श्रावणसर

पुढच्या रविवारी येतेय ती. सकाळी आठला पूर्वेच्या तिकीट खिडकीपाशी जमू. आधी रामकृष्णमध्ये इडली, मग क्रूस, मग कारखान्याची भिंत, मग पुलावरून पलीकडे. तिसरामजला, शेवटी तुमच्याकडे येऊ का? आईंना चालेल का?

तिसरामजला

चालेल काय, कालपासून विचारतेय कोण कोण येणार. फक्त खाली आलात की हाक मारू नका, ऐकू जात नाही. विमान गेलं की लगेच मारा.